भेसळीच्या कोंबड्या

आमच्या साडूंइतका चोख आणि त्यामुळे इतका त्रासदायक माणूस जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. शेजारच्या जिल्ह्यांची मला माहिती नाही, पण तिकडेही सापडेल असं वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आम्ही जिला अक्का म्हणतो तिचे यजमान. हसनाबादला राहतात, चार एकर रान आहे, आणि उभी हयात त्यांनी एका बियाणे कंपनीच्या प्लॉटांवर सुपरवायझर म्हणून पायपीट करण्यात घालवली. आमच्या भागात बियाण्याचा प्लॉट म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शेतकरी कंपनीसाठी कपाशीचं किंवा मिरचीचं बी तयार करतो, आणि त्या रानात ठरल्या वाणाखेरीज एकही वेगळं झाड उभं राहता कामा नये. पान जरा रुंद वाटलं, फूल जरा फिकं वाटलं, की मुळासकट उपटायचं. याला भेसळ काढणं म्हणतात. साडूंनी तीसेक वर्षं भेसळ काढली. पुढे कंपनीने त्यांना निवृत्त केलं, पण त्यांच्या हाताला कोणी निवृत्त केलं नाही.

एकदा ते जालन्याला आमच्या घरी आले आणि मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत त्यांनी बायकोच्या झेंडूच्या वाफ्यातून शेवंतीची तीन रोपं उपटून कुंपणापाशी ओळीने निजवली होती. "प्लॉट साफ करून देला तुमचा," म्हणाले, आणि आभारासाठी थांबलेसुद्धा. ती शेवंती बायकोने मैत्रिणीकडून मागून आणलेली होती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, कारण साडू पाहुणे होते आणि मी हाताशी होतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मुलाकडची मंडळी जेवायला बसली होती, तर हे पंगतीच्या टोकाला उभे राहून डोळे बारीक करून बघत राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "डावीकडून पाचवा. भेसळ हाये." मी त्यांना दटावलं. पण तो पाचवा माणूस खरोखरच शेजारच्या कार्यालयातल्या लग्नाचा निघाला. चुकून आमच्याकडे बसला होता आणि दुसऱ्यांदा जिलेबी मागत होता. त्या दिवसापासून साडूंच्या नजरेबद्दल आमच्या घराण्यात कोणी शंका घेतली नाही, आणि पुढे जे झालं त्याला आमचा हा आदरही थोडा कारणीभूत आहे असं मला वाटतं.

शिवाय त्यांना बसता येत नाही. खुर्ची दिली तर ते ती उचलून दुसऱ्या जागी ठेवतात आणि तिच्याभोवती फिरतात. चहा बशीत ओतून घेतला की बशी घेऊन ते घरभर हिंडतात, एक घोट दिवाणखान्यात, एक मोरीपाशी, शेवटचा गच्चीवर. बशी कुठे सापडेल याचा नेम नसतो. फोनवर बोलतानाही चालतात, त्यामुळे बोलणं सुरू होतं तेव्हा मागे अक्काच्या भांड्यांचा आवाज असतो आणि संपतं तेव्हा ट्रॅक्टरचा. आपण एखादी गोष्ट सांगायला लागलो की तिच्या मध्यावरच ते "बराबर, बराबर" म्हणत दाराबाहेर गेलेले असतात. त्यांना पुरती गोष्ट सांगितली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अक्का म्हणते, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण माझं एक वाक्य यांनी शेवटापर्यंत ऐकलं असंल तर शपथ."

अशा माणसाच्या वाट्याला कोंबड्या आल्या. त्याही साध्या नव्हेत, उलट्या पिसांच्या. ही जात आता फार थोड्या घरी उरली आहे. तिची पिसं अंगाला चापून बसत नाहीत, पुढे, वर, मनाला येईल तिकडे वळलेली असतात. कोंबडी नुकतीच वावटळीतून निघाली आहे आणि तिला त्याबद्दल कोणी काही विचारू नये अशी तिची इच्छा आहे, असं तिच्याकडे बघून वाटतं. साडूंच्या आईने त्या केदारखेड्याहून, माहेराहून आणलेल्या. आई होत्या तोवर साडूंनी कोंबड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या गेल्या आणि त्याच सुमारास नोकरीही संपली, आणि सगळी माया, सगळी सुपरवायझरी त्या अंगणावर येऊन पडली. आईच्या हातचं म्हणावं असं दुसरं काही घरात राहिलं नव्हतं. लुगडी वाटून टाकली होती, भांडी मोडीत गेली होती. फक्त या कोंबड्या रोज सकाळी खुराड्यातून बाहेर यायच्या. साडू हे बोलून दाखवत नसत, पण एखादी कोंबडी जरा मलूल दिसली तरी त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपणच विषय बदलावा.

या कोंबडीला अमावास्येच्या आसपास भलताच भाव येतो. कुणाला बाधा झाली, कुणाची म्हैस आटली, की उताऱ्याला उलट्या पखाचीच कोंबडी लागते असा आमच्याकडे समज आहे. माणसं मोटारसायकलवर येत, अंगणात चपला काढून नम्रपणे उभी राहत. साडू त्यांना हाकलत नसत. आजाऱ्याचं वय काय, ताप कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का, गोळी कोणती दिली, अशी पाऊण तास झडती घेत, आणि शेवटी एक साध्या पिसांची कोंबडी त्यांच्या हातात ठेवून गंभीरपणे सांगत, "ही घ्या. हिचे पखं आतून उलटे हायेत. पण आधी डॉक्टरकडं जा." माणसं जायची. त्यातली निम्मी बरी झाल्याचं सांगायला परत यायची, त्यामुळे गर्दी वाढली.

साध्या पिसांच्या कोंबड्या त्यांच्याकडे होत्या, कारण त्या निघायच्याच. उलट्या पिसांच्या कोंबडीखाली पिलं निघाली की काही तिच्यासारखी आणि काही अगदी चारचौघींसारखी. आई दोन्ही ठेवत. साडूंना हे बघवेना. त्यांच्या मते तो आईचा भाबडेपणा होता, म्हातारीचं मन मोडवत नसेल. तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांनी ठरवलं, की भेसळ काढायची. पिलं मोठी झाली की उलट्या पिसांच्या पायात लाल दोरा बांधायचा, प्लॉटात पराग लावलेल्या कपाशीच्या फुलाला खुणेसाठी बांधतात तसा, आणि साध्या सगळ्या डालग्यात भरून नातेवाइकांकडे पोचत्या करायच्या. एक आम्हाला मिळाली, तांबूस, ठेंगणी, फार गुणी. आणखी अशाच भोकरदनला चुलतभावाकडे, जाफराबादला मेहुण्याकडे, आष्टीला पुतणीच्या सासरी, आणि आणखी दोन-चार घरी गेल्या. दोन वर्षांत साडूंच्या अंगणात एकही साधी कोंबडी राहिली नाही. मी गेलो तेव्हा त्यांनी हात फिरवून मला ते दाखवलं. "शंभर टक्के शुद्ध," म्हणाले. कोंबडा उलटा, कोंबड्या उलट्या. मी म्हणालो, वा. आम्ही सगळेच वा म्हणालो.

मग पिलं नागडी व्हायला लागली. निघताना गोंडस, पण पिसं फुटायची वेळ आली की दोऱ्यासारखं काहीतरी यायचं आणि गळून जायचं. चारात एक पिलू तरी असं. लालबुंद कातडीची ती पिलं थंडीत एकमेकांच्या अंगावर चढून बसत आणि सकाळी त्यातली एखाद-दोन उठत नसत. साडूंनी आधी उवा म्हणून राख टाकली, मग कडुनिंबाचा पाला, मग तालुक्याच्या डॉक्टरांकडून औषध. जुन्या पोत्यांचे अंगरखेही शिवून घातले. ती अंगरखे घातलेली पिलं अंगणात पळताना बघून मी हसलो, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हसणं खोकल्यात बुडवलं. त्या काळात ते फिरतही वेगळं होते. आधी चालण्याला दिशा असायची, आता नुसत्या घिरट्या. फोन कधीही येई, "अजून एक नागडं निघालं," आणि बंद होई. मुंगूस लागलं, उन्हाळ्यात रोग आला, आणि पाहता पाहता एक म्हातारा कोंबडा आणि अंडी देणं थांबलेली एक कोंबडी एवढंच उरलं.

तेव्हा अक्काने कधीचं अर्धवट राहिलेलं एक वाक्य पूर्ण केलं. दुपारची वेळ होती, मी तिथेच होतो. ती ज्वारी पाखडत होती. "आत्याबाई उलटा कोंबडा कायम साध्या कोंबडीवर सोडायच्या," ती सुपातून वर न बघता सासूबाईंबद्दल म्हणाली. "दोन्ही उलटे आले की लेकरं नागडी निघत्यात. मला सांगितल्तं त्यायनी."

साडू अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "मंग मला काहून न्हाई सांगितलं तू?"

"सांगाया लागल्ते. तुम्ही म्हणले, तुला काय कळतं वाणातलं, अन् गेले निघून हिरीवरच्या मोटारीकडं."

आता साध्या पिसांची कोंबडी हवी होती, आणि तीही आईच्याच कोंबड्यांतली. मी म्हणालो, त्यात काय, बाजारात गावरान कोंबड्या ढिगाने मिळतात, एखादी आणू. साडूंनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "मंग त्यात आईचं काय राह्यलं, पाव्हणं?" पुढचा प्रश्न काय येणार हे कळून मी चपला शोधायला लागलो.

तो आलाच. "तुमच्याकडची तांबडी बरी हाये ना?"

तांबडीचं आम्ही दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी कालवण केलं होतं. मी म्हणालो, "मांजरानं नेली हो, साडूभाऊ." इतक्या सहज म्हणालो की मला स्वतःचीच भीती वाटली. साडू "बराबर" म्हणाले आणि भोकरदनला फोन लावला. तिथेही मांजराने नेली होती. जाफराबादला मुंगसाने. आणखी एकीकडे ती आपोआप मेली होती, आणि एकीकडे म्हणे स्वतःच रस्त्याने कुठेशी चालत गेली. त्या दोन वर्षांत आमच्या नात्यातल्या घरांवर जनावरांनी जो हल्ला केला, तसा तिन्ही तालुक्यांत कोणी ऐकला नसेल. साडू प्रत्येकाला "बराबर" म्हणत गेले, आणि प्रत्येक "बराबर" आधीच्यापेक्षा बारीक होत गेला. मला बसवेना. त्या दिवशी पहिल्यांदा मीही बशी हातात घेऊन त्यांच्या मागे मागे फिरलो.

शेवटचा फोन आष्टीचा. पुतणीच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "हाये की. लई गुणाची कोंबडी. दर साली मी तिलाच अंड्यावर बसवते." साडूंनी फोन माझ्या हातात दिला आणि निघालेच. मी गाडी काढली. जालना ओलांडलं की आष्टी जेमतेम दोन तास, पण त्या दोन तासांत त्यांनी काच अठरा वेळा खाली-वर केली, आणि परतूरच्या अलीकडे फाटक लागलं तेव्हा उतरून रुळापर्यंत जाऊन गाडी येते का ते बघून आले. पोचलो तर कोंबडी खुडूक होऊन गोठ्याच्या कोपऱ्यात तेरा अंड्यांवर बसलेली. साडूंनी हात पुढे केला आणि त्या बाईंनी तो तसाच धरला. सत्तरीच्या, बुटक्या, आवाजाच्या खणखणीत. "आता हलवायची न्हाई. पिलं निघू द्या, मोठी होऊ द्या. ती पिलांना टोचून लांब करायला लागली की मंग या."

"किती दिस?"

"दोन-अडीच महिने. तिला काय जल्दी न्हाई. तुमालाच हाये."

ते अडीच महिने आमच्या घराण्याने कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. साडू रोज आष्टीला फोन करत. आठवड्याभराने बाईंनी तो घेणं सोडलं, तेव्हा ते मला फोन करून विचारत, की बाई फोन का घेत नसतील. हसनाबादला म्हातारा कोंबडा जिवंत आहे ना हे ते दिवसातून दहा वेळा बघत. तो आरवला नाही तर काळजी, फार आरवला तर दमेल ही काळजी. मला कचेरीत काम सुचेना. समोर फाइल उघडली की मला ते कालवण आठवे. वाईट याचं, की ते फार चांगलं झालं होतं.

दिवस भरले आणि आम्ही कोंबडी आणायला गेलो. परत येताना डालगं त्यांच्या मांडीवर होतं. दोन्ही हात त्यावर होते, त्यामुळे काच वर-खाली होत नव्हती. परतूर मागे पडल्यावर मी रस्त्याकडे बघत म्हणालो, "साडूभाऊ, मांजरबिंजर काही नव्हतं. आम्ही खाल्ली ती."

"म्हाईत हाये."

"कसं?"

"तुमच्या बायकोनं आमच्या हिला फोन करून इचारल्तं, कोंबडीच्या कालवणात तीळ भाजून घालायचे का कच्चे. म्या तिथंच उभा व्हतो. तवा वाटलं, बाजारातली आसंल."

मला गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं. कोंबडी आत कुरकुरली, त्यांनी झाकणावरून हात फिरवला. मग त्यांनी विचारलं, "कशी लागली?"

खोटं बोलून झालं होतं. मी म्हणालो, "फार चांगली."

"लागनारच," ते म्हणाले. "आई करायची तवा घरात बोलत नसायचं कोनी. आई गेल्यापून म्या खाल्ली न्हाई." आणि काचेतून बाहेर मोसंबीच्या बागा बघत राहिले. मला त्या वेळी त्यांची माफी मागायला हवी होती. मी गाडीचा वेग कमी केला, एवढंच सुचलं.

पुढे कोंबडीने अंडी दिली, ती बसली, एकविसाव्या दिवशी नऊ पिलं निघाली. पण निघताना सगळी पिलं सारखीच दिसतात, कुणाचं पीस कसं वळणार ते पंख फुटेपर्यंत कळत नाही. तीस वर्षं लांबून भेसळ ओळखणारा माणूस गुडघे टेकून त्या नऊ पिलांपुढे रोज बसायचा आणि त्याला काही ओळखू येत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग अक्काने फोन घेतला. "काय न्हाई," ती म्हणाली. "पाच पिलांचे पखं वळले. नागडं एक बी न्हाई. हे रडून राह्यले, म्हणून बोलनं होईना." माझ्या बायकोनेही डोळे पुसले आणि मग विनाकारण माझ्यावर खेकसली.

म्हातारा कोंबडा त्याच हिवाळ्यात गेला, पण त्याचा मुलगा आता अंगणभर मिरवतो. साध्या चारांपैकी दोन कोंबड्या साडूंनी आमच्याकडे आणून सोडल्या. हसनाबादला रोग आला तर दुसरीकडे बेणं असावं म्हणून, असं ते म्हणाले. आम्हाला काही सूचना दिली नाही. अक्काने मात्र बायकोला फोन करून सांगितलं, की आता तिळाबद्दल काही विचारू नकोस. त्या दोघी दिसायला कुठल्याही कोंबडीसारख्या आहेत. रस्त्याने जाणाऱ्याला सांगितलं तरी पटायचं नाही, की यांच्यावाचून ती झिपरी, मानाची कोंबडी पुढे चालत नाही.

परवा साडू आले होते. चहा झाला, बशी जिन्यात सापडली, आणि आता निघतील म्हणून मी चपला घातल्या, तर ते मागच्या अंगणात त्या दोघींपुढे उभे. उन्हं कलली होती. कोंबड्या माती उकरत होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते विचारलं, "साडूभाऊ, अक्काला सांगितलं, मग आईंनी तुम्हाला कसं नाही सांगितलं हे?"

एरवी ते "बराबर" म्हणून फाटकाबाहेर पडले असते. या वेळी ते जागचे हलले नाहीत.

"सांगितलं आसंल," ते म्हणाले. "लई डाव हाक मारायची, इकडं ये म्हनून. म्या म्हनायचो, आलो, प्लॉटवरून जाऊन आलो."